शिऱ्यातली गोळी

सल्ला मावशीचा होता. महिन्यातून एकदा गोरेगावहून मुलुंडला यायचं, आमच्या सोफ्यावर बसून आमचीच कोथिंबीर वडी खायची आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या, हा तिचा जुना उद्योग. त्या दिवशी मी ऑफिसात होते. भाऊ आतल्या खोलीत झोपलेला. तेवढ्यात तिने आईला सांगून टाकलं, "अगं, प्रसादातून दे ना त्याला. प्रसादाला तो नाही म्हणत नाही."

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. आई म्हणते 'त्याचं ते', मावशी म्हणते 'टेन्शन'. मी मुद्दाम पूर्ण शब्द बोलते, पाहुण्यांसमोर तर हमखास. भाऊ माझ्याहून लहान. विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होता, हात चांगला होता त्याचा. गोळ्या चालू असल्या की माणूस शांत. सुटल्या की वरच्या मजल्यावरचे लोक त्याच्याबद्दल बोलतात असं त्याला ऐकू येतं, आणि एक गोष्ट तर त्याच्या डोक्यात पक्की बसते: घरातले आपल्या खाण्यात काहीतरी घालतात.

त्या वेळी तो गोळी जिभेखाली दाबून नंतर कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकत होता. त्याला कारण होतं. गोळीने त्याचे हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "काही त्रास होतोय का?" त्याने तोंड उघडण्याआधीच आई सांगायची, "नाही नाही, छान आहे आता." डॉक्टरांपुढे तक्रार करणं तिला उद्धटपणाचं वाटतं. हातांचं कळलं असतं तर त्यांनी औषध बदलून दिलं असतं. मी दोनदा मध्ये बोलले, तर आईने टेबलाखालून पाय दाबला आणि रिक्षात बसल्यावर मलाच ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तर आईने मावशीचं ऐकलं. रोज सकाळी शिरा. आधी देवाला नैवेद्य दाखवायचा, मग भावाची वाटी वेगळी काढून त्यात गोळीची पूड मिसळायची. आधी मिसळायची नाही, देवाला औषध कशाला? हा विचार तिने बरोबर केला. भाऊ हात जोडून वाटी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि सगळा शिरा संपवायचा. दिवाळीपर्यंत तो खूपच सुधारला. मावशी फोनवर आईजवळ फुशारकी मारत होती, आणि मला वाटत होतं की तो आपणहून गोळ्या घेतोय. खुळी मी.

एका सुट्टीच्या दिवशी ओट्यावर त्याची वाटी दिसली. मी बोट घालायला गेले तर आईने फाडकन माझ्या हातावर मारलं. शेजारी खलबत्ता, त्यात पांढरी पूड. मला समजायला वेळ लागला नाही.

"आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल. तो बरा आहे ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

"अगं, त्याला वाटतं आपण त्याच्या खाण्यात काहीतरी घालतो. आणि आपण खरंच घालतोय! त्याला वेड्यात काढून वर त्याचंच खरं करून दाखवतोय आपण."

"तू ना, जरा जास्तच शिकलीस," आई म्हणाली आणि वाटी घेऊन बाहेर गेली. मावशीचा सल्ला मला कळला तो त्याच दिवशी, भांडता भांडता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लपवून देऊ नका, त्याला घेऊन या, बोलू." आईने साफ नकार दिला. मग आम्ही एकमेकींशी फक्त दूध, गॅस आणि लाइटबिल एवढंच बोलायला लागलो.

हे जास्त दिवस टिकणार नव्हतंच. एका सकाळी आईने गूळ कमी घातला असावा, किंवा पूड जास्त पडली असावी. भावाने दुसरा घास घेतला आणि थांबला. आई पूजेच्या ताम्हणात काहीतरी शोधायला लागली. त्याने आईला विचारलंच नाही. माझ्याकडे बघून विचारलं.

"ताई, शिऱ्यात काय आहे?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मला आजही दिसतात. खोटं बोलले असते तर शिरा चालू राहिला असता, गोळी चालू राहिली असती, तो बरा राहिला असता. मला हे सगळं माहीत होतं.

"गोळी," मी म्हणाले.

त्याने वाटी खाली ठेवली. आदळली नाही, फेकली नाही. तेच जास्त भीतीदायक होतं. त्या दिवसापासून त्याने घरातलं शिजवलेलं खाणं सोडलं. साल असेल किंवा कवच असेल तेवढंच खायचा. केळी, संत्री, शेंगा. नंतर तो अंडी घेऊन आला आणि स्वतः उकडायला लागला. आमच्या घरात, देवघराच्या भिंतीपलीकडे, अंडी!

गोळी अर्थातच बंद झाली. काही आठवड्यांत वरचे लोक परत बोलायला लागले. तो भर दुपारी खिडकीतून त्यांना शिव्या घालायचा. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. मावशीचा फोन आला, "तूच वाट लावलीस सगळ्याची. चांगला चाललेला मुलगा!" मी फोन ठेवला, पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिचा राग आला आणि भीतीही वाटली, कारण तिचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं.

मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "डॉक्टरांकडे चल."

"तू वाईट आहेस," तो म्हणाला. "तुम्ही सगळे वाईट आहात."

"असू दे. चल."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "पण तू सांगितलंस." आणि चपला घालायला लागला.

घाटकोपरच्या दवाखान्यात मी आईला आत येऊ दिलं नाही. त्याने स्वतः हात पुढे केले, थरथर दाखवली. डॉक्टरांनी औषध बदललं. त्याने अट घातली: पाकीट त्याच्यासमोर उघडायचं, गोळी तो स्वतः काढणार, आणि ताईच समोर उभी राहणार. दुसरं कुणी नाही.

तेव्हापासून आमचं रोजचं असंच. तो गोळी गिळतो, तोंड उघडून दाखवतो आणि मला शिवी देतो. रोज नवीन. कधी कधी मीही देते. यात प्रेमबिम काही नाही, तो माझा राग करतो आणि मला त्याचा कंटाळा येतो. पण हात आता थरथरत नाहीत आणि वरचे लोक गप्प आहेत.

आई मात्र अजून शिरा करते. मागच्या गुरुवारी तिने वाटी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "बघ रे, काही नाही यात." आणि त्याच्यादेखत त्याच वाटीतला एक चमचा खाल्ला.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"सगळा खा," तो म्हणाला.

आईने उभ्याउभ्याच सगळा शिरा खाल्ला. चमच्याने वाटीच्या कडा पुसून तोही घास खाल्ला, आणि रिकामी वाटी त्याला दाखवली. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि अंडं उकडायला ठेवलं.