धुक्यातला दुसरा पेशंट

या सदरातले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. ड्युटीवर दोन कॉलच्या मधे वेळ मिळाला की मोबाइलवर वाचायचे आणि मनातल्या मनात कारणं शोधायची... याला ताप असेल, हिची झोप झाली नसेल, तो मुळात घाबरट असेल. मी डॉक्टर आहे. माणसं मरताना पाहिली आहेत, मेलेली तर रोजच. त्यापलीकडचं कधी काही दिसलं नाही, आणि दिसेल असं वाटलंही नव्हतं. त्यामुळे आज मीच लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

बुलढाणा जिल्ह्यात सरकारी अॅम्बुलन्सवर मी काम करते. मूळची देऊळगाव राजाकडची. नोकरीमुळे नांदुऱ्यात एक खोली घेऊन एकटीच राहते. माझ्यासोबत गाडीवर शालिकभाऊ असतात, आमचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, कमी बोलणारे, पण रस्ता डोळे मिटून सांगतील असे.

ही गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. तीन दिवस अवकाळी पाऊस लागला होता आणि तो थांबला तशी थंडी पडली. आमच्याकडे उन्हाळ्याची तयारी सगळ्यांची असते. दवाखान्यात उष्माघाताची वेगळी खोली उघडतात, चौकाचौकात पाणपोया लागतात. थंडीची तयारी कुणाचीच नसते. त्या आठवड्यात सकाळी नऊपर्यंत धुकं हटत नव्हतं. हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळत होत्या आणि आम्ही मलकापूर ते खामगाव नुसते ये-जा करत होतो. बोटं इतकी बधिर व्हायची की शीर सापडेना. सलाईनच्या बाटल्या थंडगार पडायच्या, म्हणून शालिकभाऊ दोन बाटल्या समोर हीटरच्या झोतापाशी ठेवायचे.

सकाळी पावणेसातच्या सुमारास कंट्रोल रूमचा फोन आला. कापसाच्या बंद पडलेल्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी दोन बेवारस इसम थंडीनं आखडून पडले आहेत. पेशंट दोन. मी पुन्हा विचारलं, "नक्की दोन?" तिकडून मुलगी म्हणाली, "हो मॅडम, कॉलरनं दोनदा सांगितलं." मी स्ट्रेचर एकासाठी आणि बाजूची सीट दुसऱ्यासाठी मोकळी केली. ब्लँकेटं दोन काढली.

जिनिंग गावाबाहेर, तीन किलोमीटरवर. पोचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. शालिकभाऊ खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची पांढरी पट्टी बघत गाडी हाकत होते.

"काही दिसून नाई राह्यलं मॅडम," ते एकदाच म्हणाले. "सायरन चालू ठेवतो. मांगून कोनी येऊन धडकाले नको."

फोन करणारे युसूफचाचा रस्त्यावर उभे राहून टॉर्च हलवत होते. गाद्या-रजया भरायचा त्यांचा धंदा. सकाळी सायकलवर रजया लादून ते गावात चालले होते, तेव्हा त्यांना भिंतीपाशी ही माणसं दिसली. त्यातलीच एक नवी रजई त्यांनी दोघांवर पांघरली आणि फोन लावायला रस्त्यावर आले, कारण आत रेंज नव्हती.

भिंतीला लागून पत्र्याचं एक छप्पर आहे. त्याखाली रजई होती. चाचांनी ती वर उचलली आणि तसेच उभे राहिले.

खाली एकच माणूस होता.

सत्तरीचा म्हातारा, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला. मी नाडीला हात घातला. फार हळू, पण लागत होती. हात दगडासारखे, पाय तसेच, पोटसुद्धा गार. श्वास उथळ. त्याला उताणा करायला मी पाठीखाली हात सरकवला आणि दचकले. पाठ गरम होती. म्हणजे तापलेली नव्हे... कुणाच्या तरी पाठीला रात्रभर टेकून असावी तशी उबदार.

"दुसरा कुठे आहे?" मी चाचांना विचारलं.

"इथंच होता डॉक्टरसाहब. याच्या पाठीले पाठ लावून. म्या माह्या हातानं दोघाईवर रजई टाकली. एक इकडून, एक तिकडून... दोन डोकी होती."

"चेहरा पाहिला?"

"नाई. त्याचं तोंड भिंतीकडे होतं."

म्हाताऱ्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला मी हात लावून पाहिलं. तीन दिवसांच्या पावसानं गळक्या छपराखालचीही माती ओलीगच्च झाली होती, वरून दव. पण तिथे माणसाच्या लांबीची एक जागा कोरडी होती. कोरडी आणि कोमट. शालिकभाऊंनीही हात लावला. ते म्हणाले, "कुत्रं असन मॅडम. थंडीत येऊन बसते." मलाही तेच पटलं असतं. पण एवढं लांब कुत्रं कुठलं? शिवाय छपरापुढच्या चिखलात, म्हाताऱ्याचे आत गेलेले जुने ठसे सोडले, तर ताजे ठसे एकाच माणसाचे होते, आत येताना आणि बाहेर जाताना. चाचांनी आपला बूट त्यावर ठेवून दाखवला. आमचे ठसे नुकतेच उमटलेले, ते वेगळे कळत होते. बाकी कुत्र्याचा नाही, मांजराचा नाही, कुणाचाच नाही. एका बाजूला छप्पर थेट भिंतीला मिळतं, तिकडून वाट नाही.

आता तुम्ही म्हणाल, हिनं तिथेच उभं राहून एवढा तपास केला? नाही. हे सगळं दीड-दोन मिनिटांत, म्हाताऱ्याला गाडीत चढवता चढवता पाहिलं. खरा प्रश्न पुढेच होता. कॉल दोन पेशंटचा. थंडीनं गारठलेला माणूस कधीकधी भ्रमिष्टासारखा उठून चालू लागतो, अंगावरचे कपडेही काढून टाकतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तो दुसरा तसाच उठून धुक्यात गेला असेल आणि पन्नास पावलांवर पडला असेल तर? आणि हा गाडीतला दर मिनिटाला खालावत चालला होता. दुसरी गाडी मागितली. कंट्रोल रूम म्हणाली, हायवेवरच्या अपघातात अडकली आहे, तासभर तरी नाही.

मी शालिकभाऊंना चार मिनिटं दिली. ते आणि चाचा हाका मारत भिंतीच्या कडेकडेनं गेले. "ओ भाऊ... कोनी हाय का जी..." त्यांचे आवाज धुक्यात बुडत गेले आणि मी गाडीत म्हाताऱ्याची छाती ब्लँकेटनं झाकत, हीटरपाशी ठेवलेलं कोमट सलाईन लावत बसले. त्या चार मिनिटांत मला जितकं एकटं वाटलं, तितकं नांदुऱ्यातल्या माझ्या खोलीत चार वर्षं राहूनही वाटलं नव्हतं. बाहेर कुणीतरी असेल आणि मी त्याला सोडून जाणार आहे, हे मला माहीत होतं.

ते दोघे परत आले, रिकाम्या हातानं.

"चला," मी म्हणाले.

चाचा म्हणाले, "मी थांबतो, पोलिस येईपर्यंत. तुम्ही याले घेऊन जा." त्यांनी रजई म्हाताऱ्यासोबत गाडीत टाकली. परत घेतली नाही.

खामगावपर्यंतचे बावीस किलोमीटर आम्ही सव्वा तासात गेलो. वाटेत म्हाताऱ्यानं एकदा डोळे उघडले. ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"तो गेला का?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "कोण, बाबा?" पण त्याचे डोळे मिटले होते.

पोलिसांनी आणि चाचांनी धुकं हटल्यावर सगळा परिसर पालथा घातला. कपाशीची शेतं, नाला, रेल्वेलाइनची कडा. कुणी सापडलं नाही. जिवंत नाही, मेलेलं नाही. पुढेही त्या भागात कुठे प्रेत मिळालं नाही. मी कित्येक दिवस ठाण्यात फोन करून विचारत होते.

म्हातारा मात्र वाचला. चौथ्या दिवशी खामगावला दुसरा पेशंट सोडायला गेले, तेव्हा वॉर्डात जाऊन त्याला भेटले. नाव सांगितलं किसन. गाव सांगितलं नाही. चहा पाजला. मग विचारलं, "बाबा, त्या रात्री तुमच्यासोबत कोण होतं?"

"कोनी नाई. मी एकलाच राह्यतो."

"तुम्ही गाडीत विचारलं होतं, तो गेला का म्हणून."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"मले वाटलं आता आपलं होते इथंच," ते म्हणाले. "हात हालत नव्हते. मंग मांगून कोनीतरी टेकलं. पाठीले पाठ. गरम होती जी. बोललं नाई काही."

"तुम्ही वळून पाहिलं नाही?"

"नाई."

"काऊन?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"वळलो अस्तो अन् कोनी नस्तं, तं?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लय वर्सं झाले पोरी, माह्याजवळ कोनी निजलं नव्हतं."

त्यांना दवाखान्यातून सुटी मिळायच्या दिवशी मी ओळखीनं त्यांची निवाऱ्यात सोय लावली होती. गादी, दोन वेळचं जेवण, वर पक्कं छप्पर. ते आले, खाट बघितली, हात जोडले आणि निघाले. मी चिडले. म्हटलं, "पुन्हा तिथंच जाऊन मरायचंय का तुम्हाला?" ते शांतपणे म्हणाले, "इथं एकाचीच खाट हाय, बाई." आणि रजई खांद्यावर टाकून गेले. तो हिवाळा त्यांनी त्याच छपराखाली काढला. युसूफचाचा येता-जाता बघायचे. होळीनंतर ते तिथून गेले. कुठे, ते चाचांनाही माहीत नाही.

मी माझ्या परीनं सगळी कारणं लावून पाहिली आहेत. चाचांना धुक्यात भास झाला. म्हाताऱ्याला थंडीनं भ्रम झाला. कोरडी जागा छपरामुळे, उबदार पाठ... इथे मात्र मी अडते. माझा हात भ्रमात नव्हता. वॉर्डातल्या सीनियर डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू दमली होतीस," आणि विषय बदलला. रिपोर्टमध्ये दुसऱ्या पेशंटपुढे मी "मिळून आला नाही" एवढंच लिहिलं. त्याहून खरं मला अजूनही काही लिहिता येत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या पहाटे नांदुऱ्याच्या त्या भिंतीपाशी झोपलं असेल, चिखलात ठसा न उमटवता कुठल्या तरी वाटेनं उठून गेलं असेल, तर कृपा करून कळवा. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरेल. पण खोटं कशाला बोलू... थोडं वाईटही वाटेल.