खूर आणि तळपाय

"त्या बाईचे पाय झाका. फोटोत येतेत."

चेअरमनसाहेब माईकपासून तोंड बाजूला करून एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. ताटावरची माशी हाकलावी तसं बोलले. मी कारखान्याचा लेखनिक. त्यांच्या भाषणाचे कागद धरून मागे उभा होतो. लगेच मंचावरून उतरलो.

पहिल्या रांगेत सतरंजीवर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. पाठीमुळे तिला मांडी घालता येत नव्हती. टाचांना भेगा. उजव्या टाचेखाली रुपयाएवढा काळा डाग, कडा फाटल्यासारख्या. मी वाकलो, तिच्या लुगड्याचा काठ ओढला आणि दोन्ही तळपाय झाकले.

"पाय आत घ्या, आजी."

तिने माझ्याकडे बघितलं. मंचाकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "व्हय साहेब."

ती माझी आई होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ऊस वाळून गेला होता, कारखान्याचं धुराडं थंड होतं. सहकाराचं नाव राहावं म्हणून कारखान्याच्या माळावर चारा छावणी उघडली होती. जनावरांसोबत माणसंही तिथेच राहत. आई आमचे दोन बैल घेऊन आली होती. मी कॉलनीत राहायचो, दोन फर्लांगावर, पंख्याखाली. "घरी चल," असं मी तिला एकदा म्हटलं. "बैल सोडून कशी येऊ?" ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आई कोयत्यावर जाणारी बाई आहे हे मी कॉलनीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. वीस हंगाम तिने ऊस तोडला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या. त्या मोळ्यांवर मी बी.ए. झालो, तालुक्याच्या वाचनालयातली कपाटं वाचून काढली. आणि एवढ्या वाचनाचा उपयोग काय, तर साहेबांच्या भाषणात 'बळीराजा' कितीदा घालायचा याचा मला चांगला अंदाज आला होता. साहेब मला 'पंडित' म्हणत. चारचौघांत म्हणत, म्हणजे लोक हसत.

शिबिराच्या आठ दिवस आधी आई म्हणाली होती, "पाठ लई दुखतीय रे. आडवं झालं की जास्तच. अन टाचंखाली काळं कुरूप झालंय. बिलेडनं तासलं तर रगत आलं, थांबंना."

"शिबिरात दाखव," मी म्हणालो.

तो मांडव साहेबांच्या वाढदिवसाच्या सर्वरोग निदान शिबिराचाच होता. सर्व रोगांना मिळून दोन तास दिले होते. त्यातला एक भाषणांत गेला. उरलेल्या तासात शहरातून आणलेले डॉक्टर टेबलापलीकडून विचारत होते.

"काय होतं?"

"पाठ दुखती."

"वय झालं आता. वजन उचलू नका."

वीस हंगामांनंतर तिला हा सल्ला मिळाला.

"अन टाच..." आई म्हणाली. तोवर गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात होतं आणि मागच्याला पुढे बोलावलं होतं.

मी तिथे चार पावलांवर होतो. हार मोजत होतो.

त्याच वेळी मांडवाच्या मागे जनावरांचे डॉक्टर खुरकुताची तपासणी करत होते. बातमीत एक ओळ घालावी म्हणून मी तिकडे गेलो. माणूस शेणात बसला होता. आमच्या मोडक्या शिंगाच्या बैलाचा पाय त्याने गुडघ्यावर घेतला होता, खूर फाकवून बॅटरीच्या उजेडात आत बघत होता.

"प्रत्येकाचा खूर बघता?" मी विचारलं.

"मग? जनावर बोलतंय का, कुठं दुखतंय ते?"

संध्याकाळी मी बातमी लिहिली. 'शेकडो शेतकऱ्यांची सखोल तपासणी.' सखोल हा शब्द माझा.

दोन महिन्यांनी आई दावणीजवळ पाणी पाजताना खाली बसली आणि तिला उठता येईना. कमरेखाली मुंग्या, मग बधिरपणा. लघवी अडली. बीडला एक्स-रे काढला, तिथून मोठ्या शहरात धाडलं. तिथे मणक्यांचा एमआरआय झाला. नंतर एक तरुण डॉक्टरीण आली. तिने पडदा ओढला आणि आईचं अंग तळहातांपासून बघायला सुरुवात केली. नखं बघितली. शेवटी पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"हा डाग कधीपासूनचा आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डागाचा तुकडा तपासायला गेला. मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो बरेचदा जिथे ऊन पोचत नाही अशा जागी निघतो, असं डॉक्टरीण म्हणाली. तळपाय, तळहात, नखाखाली. तिथून रक्तावाटे पाठीत गेला होता. एक मणका पोखरून खचला होता आणि आतला मज्जारज्जू दाबत होता. सूज उतरायला इंजेक्शनं दिली, मग दहा दिवस पाठीवर रेडिएशन.

"मुळापासून बरं होणार नाही," तिने बाहेर नेऊन सरळ सांगितलं. "दुखणं कमी होईल."

"आधी आणलं असतं तर?"

"पाठ दुखत होती म्हणजे तेव्हाच पसरला होता. वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण पायात बळ असताना उपचार झाले तर बहुतेकांचं चालणं टिकतं. चालत आल्या असत्या, तर चालत घरी गेल्या असत्या."

आईचं दुखणं उतरलं. पाय परत आले नाहीत.

पुढचा वाढदिवस आला. पाऊस तेवढा आला नव्हता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पंडित, ती म्हातारी तुझी आई? आधी बोलायचं ना बे. खुर्चीत बसवली असती." मग म्हणाले, "चाकाची खुर्ची देऊ स्टेजवर. भाषण तूच लिही. आईच्या तोंडी आभाराचे दोन शब्द घाल."

मी आईला सांगितलं. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं.

"जाऊ की," ती म्हणाली. "पर ह्या बारीला पाय झाकायचा न्हाई."

मंचावर साहेबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. फोटोवाला पुढे आला. साहेबांची नजर खाली गेली. तीच सवय.

"शाल जरा पायावर घ्या."

मी माईक हातात घेतला. लिहिलेलं भाषण खिशातच राहिलं.

"ही माझी माय हाय. मागच्या साली ह्याच मांडवात मी हिचा पाय झाकला. त्या पायाला कॅन्सर होता. मांडवामागं जनावराच्या डॉक्टरनं बैलाचा खूर गुडघ्यावर घेऊन बघितला. हिचा पाय कुणी बघितला न्हाई. आता बघा."

मी खाली बसलो, तिचा पाय उचलला आणि तळवा लोकांसमोर धरला. कुणी टाळी वाजवली नाही.

"पंडित, बस झालं," साहेब म्हणाले.

मी पाय खाली ठेवला नाही. मी तो धरलाय हे आईला कळत नव्हतं. तिला तिथे काही जाणवतच नव्हतं.

माझी बदली साखर नसलेल्या गोदामात झाली. तिथे भाषणं लागत नाहीत.

घरी आल्यावर आई म्हणाली, "डागाचं सांगितलंस. बरं केलंस. म्या तुला साहेब म्हणले, ते न्हाई सांगितलंस."

मी तिचे पाय उचलून खाटेवर ठेवले.

"ते कामून मागं ठिवलंस?"

उत्तर द्यायला मला महिना मिळाला होता. मी दिलं नाही. मग ती गेली.

म्हणून आता लिहितो. मी चारचौघांत आईला ओळख दिली नाही. माझी अब्रू राहावी म्हणून तिने मला साहेब म्हटलं, आणि मी ते मुकाट घेतलं. चेअरमनने फक्त सांगितलं होतं. हात माझा होता.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा मी ट्रॅक्टरपाशी जातो. तळपाय दाखवा म्हणतो. बायका लाजतात, पाय लुगड्यात ओढतात. मग मी मातीत बसतो आणि आधी हीच गोष्ट सांगतो, साहेब या शब्दासकट. एखादी टाच पुढे येते. मी ती गुडघ्यावर घेतो. काळा डाग दिसला तर त्याच दिवशी बीडची एसटी, मी सोबत.

पाय झाका म्हणणारे अजून मंचावर आहेत. त्यांना झाकणारा दुसरा शोधावा लागेल.