ओसरीवरच्या नर्सबाई

अमेरिकेचा कारभार पनवेलहून चालतो की काय, अशी शंका यावी इतक्या काळजीने आमच्या नर्सबाई त्या देशावर लक्ष ठेवून असत. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, गाव ज्यांना शनवार तेली म्हणे त्यांतल्या. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर फिटर होता. तो अमेरिकेत उतरला आणि तिथलाच झाला. तिथल्या पुढारलेल्या विचारांच्या यहुदी मंडळींचं एक साप्ताहिक तो बहिणीला पाठवी. बाईंचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या समोरच राहायचो. त्यामुळे दर रविवारी सकाळी बाई तांदूळ निवडणार आणि मी त्यांना दीड महिन्यापूर्वीची अमेरिका मराठीतून वाचून दाखवणार, असा रिवाजच पडला.

बाई नुसतं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदा कपडे शिवणाऱ्या बायकांच्या संपाची बातमी वाचून झाली. बाईंनी अंक हातात घेतला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "संप बायकांचा, मग भाषण करणारे सगळे मिशीवाले कसे? लिहा संपादकाला." मी 'नम्र विनंती' असं लिहिताच त्यांनी ते खोडायला लावलं. "विनंती कसली? कळवते म्हणा." चार महिन्यांनी चक्क उत्तर आलं. संपादकाने आभार मानले होते, पण सुरुवात होती 'प्रिय महाशय'. बाईंनी कपाळाला हात लावला. "मला महाशय म्हणतो! आणि हा म्हणे पुढारलेला!" तरी ते पत्र त्यांनी जन्मभर जपून ठेवलं.

तिकडे काही प्रार्थनामंदिरांत बायका पुरुषांच्या शेजारी बसतात, हे वाचल्यावर तर बाईंच्या अंगात वारंच शिरलं. आपल्या प्रार्थनामंदिराला त्यांची मंडळी मशीदच म्हणत. तिथे बायकांची जागा वरच्या सज्जात. बाईंनी गुडघेदुखीचं कारण सांगून खाली दारापाशी खुर्ची टाकली. गुडघे खरोखरच दुखत, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. पण दर शनिवारी ती खुर्ची वीतभर पुढे सरके. वर्षभराने समाजाचे वयोवृद्ध मुकादम म्हणाले, "बाई, खुर्ची फार पुढे आली हो." बाई शांतपणे म्हणाल्या, "खुर्ची तिथेच आहे. मशीदच मागे सरकली असेल." मुकादम हसले, आणि तिथे बाई जिंकल्या. दिवाळीच्या सुमारास हेच मुकादम स्वतः त्यांच्यासाठी उशी घेऊन आले.

गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी बांधलेल्या एका छोट्या प्रसूतिगृहात बाई नोकरीला होत्या. आत चार खाटा, बाहेर ओसरी. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांनी ओसरीवरच बाळंत व्हायचं, असा दंडक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच मोडायला कठीण. एका रविवारी मी वाचलं, की अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवतात, म्हणून त्यांनी बसच सोडली आहे आणि महिनोन् महिने ते पायी कामाला जात आहेत. काही यहुदी त्यांच्या बाजूने उभे राहिले आहेत, शिव्या खात आहेत. बाईंचा तांदळातला हात थांबला. "पुन्हा वाचा," म्हणाल्या. मी वाचलं. त्या दिवशी त्यांनी संपादकाला काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन प्रसूतिगृहात गेलो. माझी बायको तीन दिवसांची लेक घेऊन आत होती. पाहतो तो बाईंनी टेबल, स्टोव्ह, गरम पाण्याचं पातेलं, कात्र्या, सगळं ओसरीवर आणून मांडलेलं. मिठागरात काम करणारी एक बाई तिथे चटईवर कळा देत होती. खरं सांगायचं तर तीन दिवस मी त्याच ओसरीवरून ये-जा करत होतो आणि मला काहीही दिसलं नव्हतं. तेवढ्यात टांगा थांबला. संस्थेचे अध्यक्ष आपल्या सुनेला घेऊन आले होते. तिलाही कळा सुरू झाल्या होत्या.

"बाई, हे काय मांडलंय?"

"काम. बाळंतीण जिथे, तिथे मी."

"ही आत जाईल."

"जाऊ दे की. मग ही चटईवरचीही जाईल. मी एकटी, आतबाहेर किती धावू?"

"नोकरी जाईल तुमची!"

"संध्याकाळी जाऊ दे. आत्ता दोन बाळं यायचीत."

चटईवरची बाई कण्हत म्हणाली, "बाय, मी आथंच बरी हाय. माज्यापायी भांडन नको."

"तू गप. श्वास घे," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पातेल्यातल्या कात्र्या बाहेर काढल्या. त्यांची राहती खोलीही नोकरीबरोबरच मिळालेली होती, हे मला ठाऊक होतं.

कोंडी फोडली ती सुनेने. टांग्याचा दांडा घट्ट धरून ती ओरडली, "मामंजी, तुम्ही घरी जा! तिला आत घ्या आधी, आणि बाई, तुम्ही माझ्याजवळ या!"

अध्यक्ष बाजूला झाले. मी आणि टांगेवाल्याने चटईसकट त्या बाईला उचलून आत नेलं. माझ्या बायकोने न सांगताच आपली खाट मोकळी करून दिली. दिवेलागणीच्या आत दोन्ही बाळं रडली.

दोन दिवसांनी बाईंना कामावरून काढल्याची चिठ्ठी आलीच. सुनेने खाटेवरूनच सासऱ्यांना निरोप धाडला, "बाई जाणार असतील, तर मी बाळ घेऊन माहेरी कोन गावाला जाते." चिठ्ठी परत गेली. त्यानंतर ओसरीवर फक्त दुपटी वाळत पडू लागली. मी अमेरिकेच्या साप्ताहिकाला पाठवायला मोठं रसभरित पत्र लिहिलं. बाईंनी त्यातून स्वतःचं नाव काढायला लावलं. "मी रोजचं काम केलं. बोलली ती सून. तिचं लिहा."

पुढे त्यांच्या समाजातली घरं एकेक करून इस्रायलला निघाली. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनात. थकलेल्या बाईंना भावाने अमेरिकेला बोलावून घेतलं. निघताना त्यांनी माझ्या लेकीला खूप वेळ जवळ धरून ठेवलं.

वर्षभराने पत्र आलं. तिथल्या मंडळींच्या सभेत त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं होतं. 'इंग्रजी दोन वाक्यांत संपलं, मास्तर. मग मराठीत बोलले. चांगली पंधरा मिनिटं बोलले. कुणाला काही कळलं नाही, पण सगळे उठून उभे राहिले. फार दिवसांनी मोकळं वाटलं.'

काय बोललात, ते सविस्तर कळवा, असं मी उलटटपाली लिहिलं. उत्तर भावाकडून आलं, आणि ते त्या गेल्याचं होतं. त्या भाषणातला शब्दन् शब्द ज्यांना समजला असता, ते आम्ही सगळे इथे पनवेलला बसलो होतो.