पऱ्हाटीची राखड

आर्णीच्या सत्यशीलाताई म्हणजे एक अजब प्रकरण. रसायनशास्त्रातली माणसं एक तर काचेच्या भांड्यांत रमतात, नाहीतर कागदावरच्या गणितात. या बाई दोन्हीकडे! कारणही आमच्या यवतमाळच्या कॉलेजाला शोभेल असंच. मागवलेली रसायनं आठ-आठ महिने यायची नाहीत. मग हात चोळत बसण्यापेक्षा बाई कॉम्प्युटरवर रेणूंची गणितं मांडू लागल्या आणि वीस वर्षांत त्यातही तरबेज झाल्या. रसायनं आली की प्रयोग, संपली की गणित.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाती घबाड लागलं. पळसाच्या फुलात असतो त्या जातीचा एक फिकट रेणू त्यांनी प्रयोगशाळेत बनवला. स्पिरिटमध्ये गरम केला की दहा मिनिटांत भडक नारिंगी! तेही दुसरं काही न घालता. निबंध छापून आला, कॉलेजात पेढे वाटले. त्यांचं स्वतःचं गणित मात्र हटून बसलं होतं, की नुसत्या उष्णतेनं याला महिना लागेल. गणितच कुठंतरी गंडलंय, असं म्हणून बाईंनी ते बाजूला सारलं. तिथंच घात झाला.

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. सात वेळा करून पाहिलं, रंग बदलत नाही. पाठोपाठ संपादकांचं आलं. महिन्याभरात खुलासा द्या, नाहीतर निबंध मागे घ्या. वीस वर्षांचं नाव मातीत जायची वेळ! बाईंनी प्रयोग पुन्हा केला. नारिंगी. पुन्हा केला. नारिंगीच! तीन आठवडे गेले आणि बाईंना जेवण गोड लागेना.

शेवटच्या आठवड्यात एक चंबू तडकला, म्हणून त्यांनी खोक्यातला कोरा काढला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. द्रव फिकटच! बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. जुन्या चंबूत काय आहे, जे नव्यात नाही?

"रुखमाबाई!"

प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या रुखमाबाई पदराला हात पुसत आल्या. "म्या नाही फोडलं जी ते."

"फोडलं नाही हो. धुता कशानं?"

रुखमाबाई चाचरल्या. "साबण सरला होता मॅडम, दोन वर्षं झाले. मागतलं तं कोनी देल्ला नाही. मंग राखडीनं घासतो. पराटीची राखड हाय, चाळून आनतो घरून. काच कशी लखलख निंगते!"

पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळक्या झाडांची राख! म्हणजे पोटॅश, अस्सल क्षार. रंग पालटायला काचेला चिकटलेली कणभर पुरे! बाईंनी चिमूटभर राख कोऱ्या चंबूत टाकली. बघता बघता द्रव नारिंगी झाला.

"अव्वो!" बाईंची प्रमाण भाषा कुठल्या कुठं पळाली. "काहून सांगतलं नाही व माय!" आणि त्यांनी रुखमाबाईंना कडकडून मिठी मारली. मग गणितात क्षार घातला. चार दिवसांनी उत्तर आलं, दहा मिनिटं! गणित पहिल्यापासून खरं बोलत होतं.

खुलासा गेला. 'दुसरं काही न घालता' हे वाक्य चूक होतं आणि ती चूक आपली, असं बाईंनी पहिल्याच ओळीत लिहिलं. जर्मनीवाल्यांनी राख घालून पाहिली आणि रंग आला. दुरुस्त निबंध छापून आला, त्यावर दोन नावं होती.

रुखमाबाई मात्र कावऱ्याबावऱ्या होऊन दारात उभ्या. "मॅडम, माह्या नावानं कागद गेला म्हनते. आता मले काढतीन काय?"

बाईंनी छापील पान त्यांच्या हातात दिलं. "कोणाची हिंमत आहे? चूक माझ्या नावावर गेली, रुखमाबाई. तुमच्या नावावर शोध गेला."

रुखमाबाईंनी छापील पानावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, तरी दोनदा फिरवलं. मग म्हणाल्या, "असं हाय तं उद्यापासून लेकीची चाळनी आनतो. माहीच्यापेक्षा बारीक हाय ते."