चालून उतरलेलं बीपी

गडमुडशिंगीच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे. प्रार्थना संपवून मुलांना मैदानावर आणत होतो, तेवढ्यात शेवंताकाकूंचा फोन आला. शेवंताकाकू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, इंदूअक्काच्या शेजारीणबाई. "सर, अक्का पडल्यात. त्यास्नी बोलता येईना झालंय," एवढंच त्या म्हणाल्या. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्का बेशुद्ध होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. याला आता सात आठवडे झाले, पण दुःखापेक्षा मला रागच जास्त येतो... तिचा, माझा स्वतःचा, आणि मातीला आलेल्या त्या पाहुण्यांचा, जे माझ्या देखत म्हणत होते की या वयात तिला एवढं तरातरा चालायला सांगितलं कुणी?

सांगितलं मीच होतं.

अक्का शिवाजी पेठेत शिवणकाम करायची. भावजी लवकर गेले, त्यानंतर दोन मुलींची शिक्षणं आणि लग्नं तिनं त्या एका मशीनवर केली. पेठेतल्या कितीतरी फुटबॉल संघांच्या जर्सी तिच्या हातच्या. हंगाम आला की दिवसभर मशीनवरून उठणं नाही, आणि जेवण म्हणजे भाकरी, ठेचा नाहीतर लोणचं. दोन वर्षांपूर्वी सारखं डोकं जड होतंय म्हणाली म्हणून मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. बीपी बरंच चढलेलं निघालं. रोजची एक गोळी सुरू झाली आणि चालायलाही सांगितलं. चालायला तासभर कुठनं आणू, असं तिचं म्हणणं. मग डॉक्टरांना विचारून मी तिला आमच्या मैदानावरची पद्धत शिकवली. थोडा वेळ जोरात चालायचं, इतकं की बोलताना धाप लागली पाहिजे, मग तेवढाच वेळ रमतगमत, मग पुन्हा जोरात. अर्ध्या तासात काम होतं. घड्याळ बघत चालणं तिला जमेना, तेव्हा तिनं स्वतःचंच माप काढलं. पेठेतल्या मैदानाची लांब बाजू जोरात, आखूड बाजू हळू. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ती पहिल्या दिवशी निघाली तेव्हा पोरं हसली. महिन्याभरात गल्लीतल्या पाच-सहा बायका तिच्या मागं चालत होत्या आणि ती मास्तरीण झाली होती. "शेवंता, तुला गप्पा सुचत्यात म्हंजे तू हळू चालतीयास," असं ती मागं न बघता सांगायची.

आणि बीपी उतरलं. डॉक्टर खूश झाले, आहे तसंच चालू ठेवा म्हणाले. सगळं बिघडलं ते तिथनं. दिवाळीच्या फराळाला गेलो होतो, तेव्हा चिवडा वाढता वाढता तिनं सहज सांगितलं की गोळी बंद केली आहे. मी हातातली बशी खाली ठेवली.

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? चालून उतरलंय की. जन्मभर कशाला ते लचांड?"

मी पुष्कळ समजावलं. उतरलंय ते दोन्हींनी मिळून, चालणं गोळीला मदत करतं, गोळीची जागा घेत नाही, आणि परत चढलं तर ते दुखून सांगत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी, "बरं बाबा, घेतो उद्यापासनं," म्हणाली. मी विश्वास ठेवला. शाळेत मी दर सोमवारी पोरांची नखं तपासतो, पण बहिणीची गोळी एकदाही तपासली नाही. ती गेल्यावर मशीनचा खण उघडला, तर दोऱ्यांच्या रिळांखाली गोळ्यांची पाच पाकिटं, एकही गोळी न काढलेली. दर महिन्याला ती आणत होती, मी विचारलंच तर दाखवायला. डॉक्टरांना मी स्पष्टच विचारलं, चालण्यानं झालं का? ते म्हणाले, चालण्यानं तिचं भलंच होत होतं, पण तिला गोळीचीही गरज होती. हे मी त्या पाहुण्यांना किती वेळा सांगितलं असेल... ते माना डोलावतात आणि पुढच्या घरी जाऊन तेच बोलतात.

गेल्या रविवारी अक्काची खोली आवरायला गेलो. शेवंताकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "सर, मीबी गोळ्या बंद केल्यात. अक्काच म्हणल्या हुत्या, चालतीयास तर गोळी कशाला."

आवरणं तसंच टाकून त्यांना स्कूटरवर बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. बीपी चढलेलंच होतं. गोळी पुन्हा सुरू झाली. परत आल्यावर त्यांनी अक्काच्याच खोलीत पाणी मागून माझ्यासमोर गोळी घेतली आणि भांडं हातात धरून विचारलं, "म्हंजे अक्का चुकल्या व्हय?"

मेलेल्या बहिणीबद्दल हे कुणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं.

"चुकली," मी म्हणालो. "चालण्यात न्हाय. गोळीत चुकली."

त्यांनी मान हलवली. भांडं पालथं घातलं आणि हळूच म्हणाल्या, "आनखी दोघी हाईत सर, गोळी बंद केलेल्या."

मशीनवर एक अर्धवट जर्सी होती. एक बाही लागलेली, दुसरी सुईखाली तशीच अडकलेली. ती मी हलवली नाही. अक्काचं स्टूल ओढून मशीनशेजारी बसलो आणि त्या दोघींना बोलवा म्हणालो.