घरटी एक माणूस

हात वर करणाऱ्यांत सगळ्यात पहिला हात माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यांत मी स्वतःला वगळलेलं नाही.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. आमचे सेक्रेटरी आयटीतले, पस्तिशीचे, घरूनच काम करतात. त्यांना गेटसाठी अ‍ॅप आणायचं होतं. कामवाल्या बायका, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांचे फोटो आणि मोबाइल नंबर त्यात भरायचे, प्रत्येकाला सहा आकडी कोड द्यायचा. गेटवर कोड सांगितला की वॉचमन तो टॅबवर दाबणार आणि ‘तुमची मदतनीस आत आली’ असं आपल्या फोनवर वाजणार. कुरकुरणारे होतेच. मी उठून म्हटलं, काय बिघडतं? आम्ही अख्खं टेलिफोन एक्स्चेंज बदललेलं पाहिलंय, हे तर एवढंसं.

खरंच पाहिलंय. मी पनवेलच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचे. मग मशीन आलं, आमचे बोर्ड निघाले आणि आम्हा बायकांना बिलाच्या खिडकीवर बसवलं. वाईट वाटलं होतं. पण काम गेलं म्हणून आम्हाला कोणी चोर म्हटलं नाही. तेव्हा यंत्राला बिचकणारी बाई मी नव्हे. आमच्या सोसायटीतल्या कामाच्या बायकांना आपापला कोड पाठ करायला मीच शिकवलं, जिन्याखाली उभं राहून, पाढे घोटून घ्यावेत तसं.

त्यांत वयनी होती. वयनी म्हणजे वहिनी. पाच भावांच्या घरातली ती थोरली सून, दीर तिला वयनी म्हणायचे, तेच नाव आमच्याकडेही चिकटलं. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं. भाताची खाचरं, खाडीकडचं मीठ, सगळं भरावाखाली गेलं. ज्यांची जमीन मोठी होती त्यांच्या दारात गाड्या आल्या. वयनीच्या सासऱ्यांच्या जमिनीचे पाच हिस्से झाले आणि करंजाड्याला प्रत्येकाला एकेक फ्लॅट मिळाला. राहायला घर झालं, करायला काम काही उरलं नाही. नवरा एका गोदामात कधी असायचा, कधी नसायचा. मग वयनी घरकामाला लागली. तिच्याकडे पाच घरं होती: माझं, आमच्याच सोसायटीतली दोन, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत एकेक. त्या पाच घरांवर तिचं एक घर चालायचं.

अकरा वर्षांत वयनीचा एकही खाडा झाला नाही. वयनीला बरं नसलं, कुठे जायचं असलं, की तिची धाकटी जाऊ यायची. आधी निरोप वगैरे काही नाही. बेल वाजली, दार उघडलं, तर वयनीच्या जागी धाकटी उभी. सरळ आत जाऊन भांड्यांना लागायची. सुरुवातीला मी एकदा विचारलं, तुमचं हे ठरतं कसं गं?

“त्यात ठरवायचं काय?” वयनी म्हणाली. “गावाला लावनीला आमी घरटी एक मानूस जायाचू. कोन जायाचं ते घरानं बगायचं. शेतवाला मानसं मोजतो, तोंडं नाय बगत.”

काम घराने अंगावर घेतलंय, ते घर पुरं करणार, हा त्यांचा हिशेब. वयनीच्या मुलीच्या बाळंतपणात धाकटीने सलग दोन महिने माझं घर सांभाळलं. माझी प्रेशरची गोळी कुठल्या डब्यात असते, हे दोघींना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. बोंबील साफ करण्यात धाकटीचा हात वयनीपेक्षा सफाईदार होता, पण हे मी वयनीला कधी कळू दिलं नाही.

अ‍ॅपमध्ये धाकटीचं नाव घालायला हवं होतं. पण अ‍ॅपला ज्याचा त्याचा मोबाइल नंबर लागतो आणि धाकटीकडे फोनच नव्हता. तिच्या घरातला फोन तिच्या नवऱ्याच्या खिशात असायचा. मी म्हटलं, राहू दे, बघू पुढे. वयनीने मग स्वतःचा कोड धाकटीला पाठ करून दिला. तिच्या लेखी तो कोड कामाचा होता, तिचा एकटीचा नव्हताच. वॉचमन दोघींना ओळखत होता. वर्षभर हे चाललं आणि कोणाचं काही अडलं नाही.

मग अ‍ॅप सुधारलं. सुधारलं म्हणजे गेटवर कॅमेरा बसला आणि कोडबरोबर चेहराही जुळवून बघायला लागला. तसा मेसेज आम्हाला आला होता, लांबलचक इंग्रजीत. मी तो वाचला नाही. वयनीच्या बटणवाल्या फोनवर तर तो आलाच नाही.

त्या दिवशी वयनी सकाळीच शिरढोणला गेली होती, आई आजारी म्हणून. इकडे आठ वाजता धाकटी आमच्या गेटवर आली, कोड सांगितला, आणि टॅब लाल झाला. ओळख जुळत नाही. मिनिटभरात सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला, भोवती लाल चौकट. खाली लिहिलेलं: ‘दुसऱ्याच्या कोडवर अनधिकृत प्रवेशाचा प्रयत्न. रहिवाशांनी सावध राहावे.’ फोटोत ती कॅमेऱ्याकडे वर बघत होती. हातात भेंडीची पिशवी होती. ती भेंडी माझी होती, मीच आदल्या दिवशी सांगितली होती.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. बरं झालं पकडली. आजकाल कोणाचा भरवसा नाही. कोणाला तरी गेल्या वर्षी जिन्यातून गेलेल्या चपला आठवल्या. कोणी अ‍ॅपचे आभार मानून हात जोडले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! आमच्याच सोसायटीतली वयनीची जी दोन घरं, त्यांनी त्या बाईच्या हातच्या चपात्या खाल्ल्या होत्या. तीही मूग गिळून बसली.

आणि मी? मी सेक्रेटरींना वेगळा मेसेज केला, त्यांच्या एकट्यांच्या नंबरवर. ‘ही वयनीची जाऊ आहे, मी ओळखते.’ त्यांनी लिहिलं, ‘बघतो काकू.’ माझ्या मते विषय मिटला होता. मी खाली गेले तोवर धाकटी निघून गेली होती.

“मी सांगितलं ना मॅडम, ओळखीची आहे म्हणून,” वॉचमन म्हणाला. “पण गेट आता माझ्या हातात कुठंय?”

दुपारपर्यंत वयनीचा कोड बंद झाला. तोही फक्त आमच्याकडे नाही. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांत त्याच कंपनीचं अ‍ॅप आहे, तिथेही बंद. आईच्या उशाशी बसलेल्या बाईची पाचही घरं एका सकाळीत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरीच झाली नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिले. ते वाईट गृहस्थ नाहीत, मला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, “काकू, ब्लॉक सिस्टिमने केलाय, मी नाही. माझ्याकडे तो ऑप्शनच नाही. कंपनीकडे अपील टाका.”

मी अपील टाकायला बसले. फोनवर एक चौकट उघडली, तिने इंग्रजीत विचारलं, तुमची तक्रार काय? चोरी, गैरवर्तन, की दुसऱ्याच्या नावाने प्रवेश? यातलं एक निवडा. मी लिहिलं, मोठी जाऊ आजारी आईकडे गेली होती म्हणून धाकटी जाऊ कामाला आली. ती चौकट म्हणाली, क्षमा करा, मला समजलं नाही, यातलं एक निवडा. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा तिने क्षमा मागितली. आमच्या ऑफिसात एखाद्याचा फोन बंद पडला की तो खिडकीशी येऊन माझ्या नावाने शंख करायचा. मी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लाइनमन खांबावर चढायचा. भांडायला समोर माणूस असायचा. या लोकांनी भांडायचीही सोय ठेवलेली नाही, आणि याला म्हणे सोय म्हणायचं!

तिसऱ्या दिवशी वयनी शिरढोणहून परतली आणि सरळ गेटवर आली. मी खाली गेले. ती बाहेर, मी आत, मध्ये तो पांढरा-लाल दांडा.

“काकू, माजा काय गुन्हा झाला?” तिने विचारलं. “मी नाय आली तं जाऊ आली. काम थांबवलं नाय आमी. घरात बसून रायलो आसतो तर चाललं आसतं काय?”

मी म्हटलं, “कोड एकाचा दुसऱ्याने वापरायचा नसतो गं. तसा नियम झालाय.”

“मंग मना कोनी सांगितलं? तुमी शिकवलं तवा बोलल्या, हा नंबर सांगितला की आत सोडतील. तेवडंच बोलल्या.”

खरं होतं. तेवढंच बोलले होते.

त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या शेजारणीने, म्हणजे वयनीच्या दोन घरांपैकी एकीने, दहा मिनिटांत कामवाली पाठवणारं दुसरं एक अ‍ॅप घेतलं. फोनवर बटण दाबायचं, टी-शर्ट घातलेली मुलगी हजर. सोमवारी एक आली, मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरीच. उलव्याहून, कामोठ्याहून, कुठून कुठून. पोरी बिचाऱ्या धावतपळत यायच्या, तासाचं घड्याळ लावून लादी पुसायच्या. त्यांच्यावर माझा राग नाही. पण रोज नवा चेहरा गेटमधून आत येत होता आणि टॅब हिरवा होत होता, कारण बदली माणूस कंपनीने पाठवलेला होता. कंपनीने बदली पाठवली तर ती सेवा, जावेने जावेला पाठवलं तर ती फसवणूक! मी हे शेजारणीला तोंडावर बोलले. ती म्हणाली, “काकू, त्यांचं व्हेरिफिकेशन झालेलं असतं.” अकरा वर्षं आमच्या डोळ्यांदेखत वावरलेल्या बाईचं मग काय झालेलं होतं?

भोवताली सगळीकडे विकासाचे फलक लागलेत. गॅलरीतून आता विमान वर चढताना दिसतं. वयनीच्या घराने त्यासाठी गाव दिलं. त्या जागेवर मोठ्या झालेल्या शहरात शिरताना त्याच घराला आता विचारतात, तुमची ओळख काय?

मी सोडलं नाही. कंपनीच्या पनवेलातल्या ऑफिसचा पत्ता शोधला, दोनदा गेले. दुसऱ्यांदा एक हाडामांसाची मुलगी भेटली, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीतरी दाबलं. पंधरवड्याने वयनीचा कोड तिन्ही सोसायट्यांत पुन्हा चालू झाला. मी आनंदाने तिला फोन लावला. म्हटलं, “वयनी, तुझं काम झालं. उद्यापासून ये.”

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माजं झालं. तिचं काय?”

“तिचा कोड नव्हताच ना गं. तिने यायचं नाही एवढंच त्यांचं म्हणणं आहे.”

“आनि तिचा फोटू? तो आमच्या बिल्डिंगीपरत आला, काकू. लोकं दाखवतात एकमेकाला. ती खाली उतरत नाय.”

मी सेक्रेटरींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, तो रेकॉर्ड आहे, काढता येत नाही. हे मी वयनीला सांगितलं.

“तुमी त्या ग्रुपवर हाव ना?” वयनीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “तुमी तिला वळकत व्हता. मंग तवाच का नाय लिवलं सगल्यांच्या समोर, की ही चोर नाय, माज्या घरात येते-जाते?”

त्या सकाळी मी एकट्या सेक्रेटरींना लिहिलं, कारण ग्रुपवर चाळीस जणांच्या तोंडी लागायचं माझ्या जिवावर आलं होतं. याला भित्रेपणा म्हणतात. मी म्हटलं, “आत्ता लिहिते.”

“लिवा,” ती म्हणाली. “पन मी नाय येनार आता. तिला चोर बोलले त्या गेटातून मी कशी जाऊ?”

मी ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, नातं, अकरा वर्षं, भेंडीची पिशवीसुद्धा. पाच अंगठे आले. मग कोणीतरी पाण्याची टाकी कधी धुणार ते विचारलं आणि सगळे टाकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. ‘तुमचं पार्सल गेटवर आलं आहे. स्वीकारणार की नाकारणार?’ मी काही मागवलं नव्हतं. खाली गेले तर वॉचमनने हातात माझ्या घराची चावी ठेवली, फडक्यात बांधलेली. मी मुलाकडे गेले की झाडांना पाणी घालायला म्हणून ती त्यांच्याकडे असायची.

“दोघी आल्या होत्या,” वॉचमन म्हणाला. “मी म्हटलं, वयनी, तुमचा कोड चालू झालाय, वर जाऊन स्वतः द्या की. तर म्हणाल्या, हिला सोडतोस काय? मी टॅबकडे बोट दाखवलं. मग गेल्या.”