चाळीस वेलींचे उकर्डाजी

उकर्डाजींच्या पानमळ्यात कुणालाही थेट शिरता येत नसे. दाराच्या ताटीशी जोडे काढायचे आणि दम बसेपर्यंत तिथंच उभं राहायचं, मग तुम्ही गावचे पाटील असा की पाहुणे. मी पहिल्यांदा गेलो तो धावतच. शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले होते, जेवणानंतर त्यांना विडा हवा होता आणि हेडमास्तरांनी 'पानं कोण' एवढं म्हणेपर्यंत मी वाटेला लागलो होतो. ताटीच्या आत एक काटकुळा म्हातारा उभा होता. डोक्याला मळकं पागोटं आणि अंगठ्यात पानं खुडायची लोखंडी नखी.

"दम खा, मास्तर."

"अहो, साहेब खोळंबलेत!"

"खोळंबू द्या. तुमी असे फुसफुस करत आत आले तं येल दचकते."

दम लवकर बसावा म्हणून मी इतकी घाई केली, की तो आणखीच लागला. पानं घेऊन पोचलो तेव्हा साहेबांची बैलांची दमणी वेशीबाहेर धूळ उडवत होती. शेऱ्याच्या वहीत एक ओळ मागे राहिली होती : 'सहायक शिक्षक चपळ आहेत, परंतु हवे तेव्हा सापडत नाहीत.'

दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेलो. ताटीशी उभं राहून दम बसेपर्यंत भांडणही बसलं. त्यानंतर रोज संध्याकाळी जाऊ लागलो.

सापडत नाहीत, हे मात्र खरं होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या जोडीला होता, हुकूम नागपुराहून येत, आणि प्रत्येक हुकमात मला माझं भाग्य दिसे. पंचविशीच्या आत मी खामगावला जिनात कापूस तोलला होता, अकोल्याला वकिलाची कारकुनी केली होती, पेटीवर फक्त उजवा हात बसवला होता आणि टपालानं होमिओपॅथी शिकलो होतो. ताप ओळखण्यापर्यंत आलो होतो, उतरवण्याचा धडा यायच्या आत वर्गणी बंद केली. जळगाव-जामोदच्या बाजूच्या या गावात मास्तर झालो तेही सहा महिन्यांपुरतंच, असं मनाशी धरून. एका वर्षात थोर माणूस व्हायचं वेळापत्रक माझ्या वहीत तयार होतं : पहाटे चारला उठणे, शंभर जोर, इंग्रजी शब्द वीस, क्रोध वर्ज्य. ते मी उकर्डाजींना मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "यातलं आज काय केलं?"

"आज जरा उशिरा उठलो."

"मंग आज तुमी कागदावरच उठले म्हना."

ते स्वतः रोज एकेक ओळ चालत. प्रत्येक वेलीपाशी थांबायचे, पान उलटं करून बघायचे, गाठ चाचपायचे आणि मगच पुढची वेल. मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे. मी बोलायचोच. मग ते तिथंच थांबत, माझं बोलणं संपू देत आणि म्हणत, "ज्या येलाजवळ हावो, त्याच येलाजवळ राहा लागते जी. पुढच्याले त्याचा वेळ हाये."

मला वाटे, हा माणूस जन्मतःच थंड असणार. त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, तो समज धुळीला मिळवला. "हे? लग्नात भटजीच्या मंगळाष्टका संपाच्या आंधीच हार घातला होता यायनं! सारा मांडव हासला. तीस वर्सं झाले, रोज राईएवढे थंड होऊन राह्यले. अजूनबी भाकर तव्यावर असली का ताट घेऊन बसतेत."

"हाव," उकर्डाजी म्हणाले. "भाकरीचं अजून जमलं नाई."

मग उतरणीचे दिवस आले. वर्षभर आधाराच्या शेवरीवर चढलेली वेल सोडवून खाली घ्यायची, बुडाशी तिचं वेटोळं करायचं, ते मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा. मग ती नव्या जोमानं चढते. उकर्डाजी म्हणत, "वर गेली म्हंजे झालं असं नसते. दरसाल खाली या लागते." बाकीच्या ओळी गडी उतरवत. विहिरीजवळची चाळीस वेलींची ओळ मात्र ते स्वतः करत, कारण साऱ्या मळ्याचं बेणं तिच्यातून निघे. ती मेली तर नवी लागवड करायला काडी उरणार नव्हती.

त्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. मी छाती काढून पुढं झालो. गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. पण उकर्डाजी म्हणाले, "गड्याइचे हात जुने हायेत, त्याइले सांगतलेलं ऐकू येत नाई. मास्तरचे कोरे हायेत. रोज पाच येल, मास्तर. सोडली का घडीभर उन्हात मलूल होऊ द्याची, मंग वळवाची, नाईतं मोडते. पाचाच्या वर सहावी नाई."

पहिल्या दिवशी पाच केल्या. त्यांनी "बेस" म्हटलं आणि ते 'बेस' माझ्या डोक्यात गेलं. दुसरा दिवस रविवार होता. ते दोघं हाड बसवणाऱ्याकडे गेले. संध्याकाळी परत येतील, ओळ पुरी झालेली बघतील, थक्क होतील, हे चित्र मला सकाळीच दिसू लागलं. एका दिवसात मी पस्तीस वेली उतरवल्या. मधूनमधून 'कट्' असा आवाज येई. वाळली काटकी असेल, असं मी दर वेळी स्वतःला सांगितलं. दर वेळी ते मला खोटं वाटलं आणि दर वेळी मी पुढची वेल सोडली.

संध्याकाळी उकर्डाजी ओळीच्या टोकाशी उभे राहिले. त्या आवाजांचं मी त्यांना सांगितलं नाही. आठ दिवस मी शाळेत नऊचा पाढा चुकीचा सांगत होतो आणि पोरं आनंदानं तोच पाठ करत होती. नवव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. मी ताटीशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मास्तर," गोदाबाई कडाडल्या, "शाळंतले पोट्टेबी असेच गाडता काय हो?"

उकर्डाजींनी विचारलं, "कोन्या कोन्या येलाचा आवाज आला?"

मला एकही सांगता येईना.

"आवाज आला तवा तुमी कुठी होते?"

"इथंच होतो."

"नाई जी. तुमी संध्याकाळच्या शाबासकीत होते."

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं आणि खुरपं माझ्या हातात दिलं. वेटोळं उकरायचं, तडा शोधायचा, सडका भाग कापायचा, धड तुकडा पुन्हा लावायचा. सगळ्या वेली आजच करू, म्हणून मी लागलीच मांडी घातली.

"पाच," ते म्हणाले.

"तोवर बाकीच्या सडतील!"

"काही सडतीन. घाईनं साऱ्याच जातीन."

सात दिवस ते डाव्या हातानं माती बाजूला करत माझ्याजवळ बसले. माझे पाय पळायला बघत आणि बोटांना थांबावं लागे. पस्तिसांतल्या अकरा वाचल्या. पहिल्या पाच धरून सोळा.

ओळ पुन्हा भरायला तीन वर्षं लागणार होती, आणि नेमका तेव्हाच नागपूरच्या एका कचेरीतून मला नेमणुकीचा कागद आला. तो घेऊन निरोप घ्यायला गेलो. "जा न," उकर्डाजी म्हणाले. "सोळा येलींले सांगून जा." मी एकेकीशी थांबत गेलो. नववीची गाठ सुटली होती, ती बांधली. तेराव्या वेलीच्या बुडाशी मुंग्या होत्या. हजर व्हायची तारीख कधी टळली ते कळलंच नाही, असं लिहायला शोभलं असतं. पण कळलं होतं. तीन दिवस मला अन्न गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी थंडीत उकर्डाजींनी अंथरूण धरलं. एका सकाळी शाळेआधी मी मळ्यातून थेट त्यांच्या खाटेशी गेलो.

"ओळ भरली. चाळीसच्या चाळीस."

"मोजाले काय, कोनीबी मोजते." आवाज धाग्यासारखा झाला होता. "सांगा."

मी सांगू लागलो. पहिलीचा शेंडा विहिरीकडे वळलाय. दुसरीच्या पानाला किडीनं भोक पाडलंय, पण वरचं पान धड आहे. तिसरी अजून अशक्त आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. अकरावीला मी चुकून बारावीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी बोट हलवलं. मी मागं आलो. तेविसावी सांगून झाली आणि गोदाबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. तो तसाच राहू दिला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "गेले."

बाहेर पोरं शाळेकडे चालली होती. सतरा वेली राहिल्या होत्या. आता पुरे, असं गोदाबाई म्हणाल्या नाहीत.

"चोविसावीला दोन कोवळी पानं आलीत," मी म्हटलं, आणि पंचविसावीजवळ गेलो.